शरदाचं चित्रपुस्तक: पुठ्ठ्याचं की कागदी?

अमळनेरहून मावसबहिणीचा फोन आला. पोऱ्या दोन वर्षांचा, दिवाळीला शरद ऋतूवरचं चित्रांचं पुस्तक घ्यायचंय. जाड पुठ्ठ्याचं परदेशी घ्यावं की पातळ मराठी?

किमतीत सरळ फरक: पुठ्ठ्याचं 300-400 रुपयांना, कागदी 60-70ला. टिकायला मात्र पुठ्ठाच. माझ्या लेकीने कोपरे चावून मऊ केले, तरी एक पान सुटलं नाही. कागदी आठवड्यात पिनांपासून निघालं.

खरा प्रश्न चित्रांचा. परदेशी शरद म्हणजे मेपलची लालभडक पानं, भोपळे, लोकरी टोप्या. आपल्याकडे आश्विनात कपाशीची बोंडं फुटतात, खानदेश-विदर्भातल्या मुलींच्या भुलाबाईची गाणी चालतात. पानगळ येते माघ-फाल्गुनात. मेपलवर लेक नुसतं बोट ठेवायची. कापसाचं चित्र दिसलं तशी उठली, ओट्यावरच्या ढिगातून बोंड आणून पानावर ठेवलं आणि बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिली. शिवाय मराठी वाक्य थेट वाचता येतं, मनात भाषांतर करत बसावं लागत नाही.

सगळं तोंडात घालणारं मूल असेल तर पुठ्ठ्याचं घ्या. तीनच्या पुढे, मांडीवर बसून ऐकणाऱ्याला कागदी मराठीच. हात आखडता असेल तर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनाच्या ‘स्टोरीवीव्हर’ संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, छापूनही घेता येतात.