माळरानावरच्या परजीवी गांधीलमाश्या: मॅलेझ तंबू की पिवळ्या थाळ्या?

पुणे जिल्ह्यातल्या सासवड-सुपे पट्ट्यातलं माळरान म्हणजे सव्हानाच, विरळ झाडांचं गवताळ रान. परजीवी गांधीलमाश्या पकडायचा मॅलेझचा जाळीदार तंबू तिथे बाभळी आणि गवत भेटतात त्या कडेला, माश्यांच्या वाटेला आडवा लावायचा. माश्या जमा होतात ते बाटलीचं टोक सर्वांत उंच, उजेडाकडे. बाटलीत ९५ टक्के अल्कोहोल, आठवड्याने बदल. इक्न्यूमॉनिड, ब्रॅकॉनिड या कुळांतल्या सराईत उडणाऱ्या गांधीलमाश्या यातच जास्त. पण वाऱ्याने जाळी फडफडली की पकड कमी होते, आणि शेळ्या दोऱ्यांत अडकतात ते वेगळंच.

उघड्या माळावर एकच निवडायचं तर पाणी भरलेल्या पिवळ्या थाळ्या. २०-२५ पुरेत, गवताच्या बुडाशी, पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब. ते नसतील तर सेलिऑनिड कुळातली मिलिमीटरभराची गांधीलमाशी पाण्यावर तरंगते, कडेला लागते आणि उडून जाते. एप्रिलात पाणी झपाट्याने आटतं, म्हणून रोज उपसा. गाळायला चहाची गाळणी नको, बारीक माश्या निसटतात, मलमलच घ्या.