ईएसजी की लिक्विड लिक्विड: आधी कोण ऐकावं?

डान्स-पंकची, म्हणजे पंकचा खडबडीतपणा आणि नाचायचा ठेका एकत्र आणणाऱ्या संगीताची, ओळख करून घ्यायची म्हटलं की लोक सहसा २००० नंतरचे न्यूयॉर्कचे बँड सुचवतात. त्या मंडळींनी ठेका उचलला तो याच शहरात वीस वर्षं आधी वाजवणाऱ्यांकडून. त्यातले दोन बँड तर एकाच घरचे. ग्रीनिच व्हिलेजमधल्या मॅकडूगल स्ट्रीटवर एड बालमन रेकॉर्ड्सचं दुकान चालवायचा, आणि त्याच्याच '९९ रेकॉर्ड्स' या कंपनीवर ईएसजी आणि लिक्विड लिक्विड दोन्ही निघाले.

ईएसजी म्हणजे साउथ ब्रॉन्क्सच्या स्क्रॉगिन्स बहिणी. मुली रस्त्यावर भटकू नयेत म्हणून आईने वाद्यं आणून दिली. व्हॅलरीचे ड्रम, डेबोराचा दोन-चार सुरांत फिरणारा बास, हाताने वाजवायचा उंच ढोल काँगा आणि वर रेनीचा आवाज. बस, एवढंच. गिटार तर असून नसल्यासारखी. १९८१ साली फॅक्टरी या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीसाठी मार्टिन हॅनेटने त्यांची तीन गाणी ध्वनिमुद्रित केली. जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडचा निर्माता तो, पण इथे त्याने फार हात लावला नाही हे बरंच झालं. त्यातल्या 'यूएफओ'च्या सुरुवातीची ती भोंग्यासारखी किंकाळी तुम्ही कुठल्या ना कुठल्या हिप-हॉप गाण्यात नकळत ऐकली असेल. इतक्यांनी ती उचलली, की १९९२ मध्ये बहिणींनी आपल्या रेकॉर्डचं नावच ठेवलं: 'सॅम्पल क्रेडिट्स डोन्ट पे अवर बिल्स'. श्रेय मिळालं म्हणून बिलं भागत नाहीत!

लिक्विड लिक्विडचा रंग वेगळा. रिचर्ड मॅग्वायरचा बास पुढे, डेनिस यंगचा मारिंबा (लाकडी पट्ट्यांचं वाद्य), स्कॉट हार्टलीचे ड्रम, आणि सॅल प्रिन्सिपाटो गातो ते बरेचदा शब्दांपेक्षा हुंकारच. इथे एकावर एक थर चढतात, गाणं पुढे जाण्याऐवजी गोल फिरतं. मूळ कारकिर्दीत मोजक्याच ईपी, म्हणजे चार-पाच गाण्यांच्या छोट्या रेकॉर्ड. १९८३च्या ईपीवरच्या 'कॅव्हर्न'चा बास त्याच वर्षी 'व्हाइट लाइन्स' या रॅपगाण्यात जसाच्या तसा वाजला. बालमन ते गाणं काढणाऱ्या शुगर हिल रेकॉर्ड्सविरुद्ध कोर्टात गेला, जिंकलाही. पण समोरच्याने दिवाळं काढलं आणि ९९ रेकॉर्ड्सही बंद पडलं. मॅग्वायर पुढे चित्रकार म्हणून गाजला, ती वेगळी गोष्ट. २०११ मध्ये एलसीडी साउंडसिस्टिम या २००० नंतरच्याच न्यूयॉर्कच्या बँडच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या निरोपाच्या मैफिलीत सुरुवातीला वाजवायला लिक्विड लिक्विडच होते.

मग निवड कशी करायची? गाणं गुणगुणता यायला हवं असेल, तर ईएसजी. 'मूडी' एकदा ऐकलं की दिवसभर डोक्यातून जात नाही. तालवाद्यांच्या गुंफणीत रमणारा कान असेल, शब्द नसले तरी चालत असतील, तर लिक्विड लिक्विड. मात्र मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून मत बनवू नका, तिथे बास मरतो आणि मग उरतं ते नुसतं टकटक.

माझं मत विचाराल तर आधी ईएसजी. लिक्विड लिक्विड हुशार आहेत आणि ती हुशारी अधूनमधून जाणवते. या बहिणी वाजवतात तेव्हा असलं काही मनातच येत नाही, तोवर पाय हलायला लागलेले असतात. २००० साली निघालेला 'अ साउथ ब्रॉन्क्स स्टोरी' हा संग्रह घ्या, सुट्या रेकॉर्ड शोधत बसू नका. 'कॅव्हर्न' दुसऱ्या दिवशी.