मंदीत कित्ता कोणाचा गिरवायचा, थॅचरबाईंचा की मर्केलबाईंचा?

सरकार उजवं असलं की मंदीत कुऱ्हाड कामगारावरच पडणार, असं आपण धरून चालतो. ब्रिटन आणि जर्मनी शेजारी ठेवले की हे गणित चुकतं.

ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर मे 1979 मध्ये पंतप्रधान झाल्या. वर्षभरात महागाई 22 टक्क्यांच्या घरात पोचली. औषध जहाल होतं: व्याजदर 17 टक्के, व्हॅट 8 वरून 15, आणि प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर मात्र 83 वरून 60. भर मंदीत, मार्च 1981 च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री जेफ्री हाउ यांनी करांचा बोजा आणखी वाढवला, तेव्हा 364 अर्थतज्ज्ञांनी 'टाइम्स'मधून जाहीर विरोध केला. जोडीला 1980 आणि 1982 चे कायदे आले, पिकेटिंगवर (संपात कारखान्याच्या दारात निदर्शनं करण्यावर) आणि युनियन सदस्यत्वाच्या सक्तीवर बंधनं घालणारे. 1983 मध्ये महागाई 5 टक्क्यांखाली आली, हे खरंच. पण जानेवारी 1982 मध्ये बेकार 30 लाखांवर गेले, आणि उत्पादन सावरल्यावरही बेकारी 1986 पर्यंत वाढतच राहिली.

जर्मनीचं दुखणं वेगळं. 2009 मध्ये परदेशी ऑर्डरी आटल्या आणि अर्थव्यवस्था 5 टक्क्यांहून जास्त आकसली. चॅन्सेलर (सरकारप्रमुख) अँगेला मर्केल उजव्या, रूढीवादी पक्षाच्या, पण त्यांचे कामगारमंत्री ओलाफ शोल्त्स डावीकडे झुकणाऱ्या सोशल डेमोक्रॅट पक्षाचे. त्यामुळे पुढच्या योजनेचं श्रेय दोघांना वाटूनच द्यावं लागेल. 'कुर्त्सआर्बाइट' योजनेत माणूस कामावरच राहायचा, तास कमी व्हायचे, आणि बुडालेल्या निव्वळ पगाराचे 60 टक्के, मूल असेल तर 67 टक्के, बेकारी विम्याच्या यंत्रणेतून मिळायचे. मुदत 24 महिन्यांपर्यंत वाढवली. ऐन भरात 14-15 लाख कामगार या योजनेत होते. बेकारी जेमतेम हलली. एजन्सीमार्फत घेतलेले कामगार मात्र आधी घरी गेले.

माझं मत विचाराल तर ऑर्डरी तात्पुरत्या थांबल्या असतील तेव्हा जर्मन वाट निःसंशय बरी. धंदाच बुडता असेल तर ती फक्त मरण लांबवते. भाव आणि पगार एकमेकांच्या पाठी धावत असतील तर व्याजदर वाढवावाच लागतो. पण त्यावर करवाढही लादायची, हे मला पटत नाही.

आपल्याकडे जर्मन योजना आणायची तर पैसा कुठून, हा पहिला प्रश्न. ले-ऑफची (काम नसल्याने कामगाराला तात्पुरतं घरी बसवण्याची) भरपाई, मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 50 टक्के, कायद्याने मालकाने द्यायची. ऑर्डरी आटलेल्या मालकाकडून ती निघणार कशी, इथेच घोडं पेंड खातं.