एसएसबीच्या निवासी क्लासचा रिव्ह्यू: घड्याळ घ्या, गोष्टी घेऊ नका

सीडीएसचा (सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठीची परीक्षा) लेखी निकाल लागला की फोनवर एसएसबीच्या, म्हणजे त्यानंतरच्या निवड चाचण्या आणि मुलाखतीच्या, क्लासच्या जाहिरातींचा नुसता पाऊस पडतो. नाशिक रोडच्या छात्र पूर्व प्रशिक्षण केंद्राच्या मोफत वर्गाच्या तारखा जुळेनात, म्हणून मी पुण्याजवळच्या एका खासगी निवासी बॅचला गेले. नाव मुद्दाम लिहीत नाही. फी 18,000, राहणं-जेवण धरून. जेवण बरं, गाद्या पातळ.

पैसे वसूल झाले ते घड्याळामुळे. टॅटमध्ये, म्हणजे चित्रावरून गोष्ट लिहिण्याच्या चाचणीत, चित्र 30 सेकंद पडद्यावर, मग 4 मिनिटांत गोष्ट. अशी 11 चित्रं आणि बारावी कोरी स्लाइड. पाठोपाठ वॅट: 60 शब्द, प्रत्येकावर वाक्य लिहायला 15 सेकंद. मग एसआरटी: 60 प्रसंग, प्रत्येकात आपण काय करू ते लिहायचं, सगळे 30 मिनिटांत. घरी टायमर लावूनही हे होतं, पण हात भरून आला की आपणच पॉज दाबतो. इथे ती सोय नव्हती. पेन धरून सलग लिहायची सवयच गेलेली असल्यानं वॅटच्या मध्यावर सगळ्यांच्या अक्षराचे कोंबडीचे पाय झाले होते.

आता खटकलं ते. सायकॉलॉजीच्या सरांनी पहिल्याच दिवशी गोष्टीचा साचा वाटला: तरुण नायक, संकट, मित्रांची जमवाजमव, नियोजन, यश. एका चित्रात खिडकीशी पाठमोरी बाई, हातात कागदासारखं काहीतरी. आमच्या रांगेतल्या तिघांनी तिथे पूर आणला आणि बाईकडून गाव वाचवलं. सर खूश, "ओएलक्यू दिसतायत!" (म्हणजे अधिकाऱ्याला लागणारे गुण). माझ्या शेजारच्या लातूरच्या मुलीनं लिहिलं होतं की वीजबिल अव्वाच्या सव्वा आलंय, बाई जुनी बिलं काढून युनिट ताडून बघते, दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मीटर तपासायला लावते आणि शेजारच्या आजींचंही बिल सोबत नेते. त्यावर लाल शेरा: "इम्पॅक्ट कमी". मला तर अख्ख्या बॅचमध्ये तेवढीच गोष्ट खरी वाटली. खऱ्या एसएसबी बोर्डावर सायकॉलॉजिस्ट आपल्याशी बोलत नाही, त्याच्यापुढे आपले कागदच असतात. मुलाखत घेणारा आणि जीटीओ (मैदानावरची गटकामं घेणारा अधिकारी) आपलं मत वेगळं बनवतात आणि कॉन्फरन्सला तिघांची मतं समोरासमोर येतात. कागदावर गाव वाचवणारी आणि ग्राउंडवर फट्टा (फळी) उचलायलाही मागे राहणारी एकच मुलगी आहे, हे तिथे लपेल कसं?

वॅटचंही तेच. 'फेल्युअर' शब्द आला की अर्ध्या वर्गाची अपयश ही यशाची पहिली पायरी. तपासणाऱ्याला दिवसभर तीच पायरी चढावी लागत असणार.

मुलाखतीचे सर मात्र अस्सल. नौदलातून निवृत्त, आवाज कधी चढला नाही. पीआयक्यू, म्हणजे वैयक्तिक माहितीचा फॉर्म समोर ठेवून एका दमात विचारलं: दहावीचे गुण, बारावीचे गुण, आवडते शिक्षक, नावडते शिक्षक, कारण, मित्र किती, त्यातला जवळचा कोण आणि का. छंद मी ट्रेकिंग लिहिला होता. "राजगडाच्या माच्या सांगा. तोरण्याची वाट कुठल्या माचीवरून उतरते? पावसाळ्यात सोबतीचा पाय मुरगळला तर तिथून परत कसं आणाल?" संजीवनी माचीपर्यंत मी ठीक होते, पुढे घाम फुटला. अर्धी फी इथेच फिटली.

ग्राउंडवर फट्टा, बल्ली (लाकडी दांडा), रस्सी आणि ड्रम होते. अडथळ्याच्या लाल रंगवलेल्या भागाला ना माणूस लागू द्यायचा ना सामान, असे नियम अंगवळणी पडले. पण पीजीटीत (गटानं मिळून अडथळे पार करण्याच्या कामात) आम्ही अडलो की सर स्वतःच उत्तर सांगून टाकायचे, मग डोकं चालवायचं कोणी? पीपीडीटीच्या, म्हणजे चित्रावर लिहिलेल्या गोष्टीवरच्या गटचर्चेचा मासळी बाजार झाला आणि कोणी थांबवला नाही. फ्लाइंगवाल्यांकडून सीपीएसएसच्या (पायलट निवडीची संगणकावरची चाचणी) जॉयस्टिक सरावाचे वेगळे पैसे घेत होते. मी ओटीएवाली (लष्कराच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीसाठी), त्यामुळे तिकडे फिरकले नाही.

एनडीए किंवा सीडीएसची लेखी पास असाल तर आधी नाशिक रोडची जाहिरात बघा, तिथे राहणं-जेवणही मोफत आहे. नाहीच जमलं तर अशा क्लासला फी भरण्याआधी विचारून घ्या की लिहिलेले कागद कोण तपासतं आणि परत मिळतात का. माझे मिळाले, पण एसआरटीच्या दुसऱ्या पानानंतर लाल शाईचा ठिपकाही नव्हता. पाचपैकी तीन तारे, त्यातले दोन नौदलाच्या सरांचे.