फ्युएल प्रेशर गेज किट: सात महिने वापरल्यावर

गणपतीच्या आधी घेतलेलं किट, आता शिमगा पण झाला, म्हणून लिहायला बसलो. गाडी 2011 ची पेट्रोल हॅचबॅक, सव्वा लाख किमी झालेली. गावात फिरताना काही त्रास नाही, पण जांबोटी सोडून कणकुंबीकडं चढ लागला की तिसऱ्या गिअरला दम टाकायची, ॲक्सिलरेटर दाबेल तसे धक्के, पाय काढला की परत नीट. प्लग झाले, कॉईल झाली, थ्रॉटल बॉडी साफ झाली आणि शेवटी मेकॅनिक म्हणाला, "पेट्रोलचा पंपच घालूया की नवीन अण्णा, साडेसहा हजार." तिथं मी थांबलो आणि पेट्रोल इंजिनला किती प्रेशरनं पोचतंय ते मोजायचं हे किट अठराशेला मागवलं.

किटमधला एक पण अडॅप्टर बसला नाही, कारण माझ्या गाडीच्या रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पोचवणारी नळी) टेस्ट पोर्टच, म्हणजे गेज जोडायचं तोंडच नाही. मग बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर पितळेचा टी (तीन तोंडांचा जॉइंट) करून घेतला, अडीचशे रुपये, तो आजपर्यंत थेंबभर गळला नाही, किटबरोबर आलेला जॉइंट मात्र पहिल्याच दिवशी पाझरला. लाईन सोडायच्या आधी पंपाचा फ्यूज काढून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची, नाहीतर पेट्रोल थेट अंगावर येतं.

जागेवर उभ्या, चालू गाडीत काटा 48 पीएसआयला (प्रेशरचं माप), एकदम ठीक. इथंच बरेच जण फसतात. आयडलला इंजिन पेट्रोल मागतंय किती, कमजोर पंप पण तेवढं देतोच की. म्हणून गेज काचेबाहेर वायपरखाली अडकवला (पेट्रोलचा होज, म्हणजे रबरी नळी, केबिनमध्ये कधीच आणू नका), भावाला शेजारी बसवलं आणि कणकुंबीचा चढ घेतला. फुल ॲक्सिलरेटरला काटा 48, 41, 35 करत 30 वर आला आणि त्याच क्षणी गाडीनं धक्का दिला. इतके महिने अंदाजावर पैसे घातले, ते उत्तर त्या काट्यानं समोर आणून ठेवलं.

पण 30 वर आला म्हणून लगेच पंप नाही बदलायचा. मागची सीट उचलून पंपाचा वायरचा प्लग लावलेला असतानाच मागून मल्टिमीटरची पिन घातली: बॅटरीवर 13.9 व्होल्ट, पंपापाशी 11.2, म्हणजे पंपाला पूर्ण करंटच पोचत नव्हता. प्लग काढून मोजलं तर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण करंटच जात नसतो, तिथं फसू नका. अर्थची पिन बघितली तर कडेनं प्लास्टिक करपून तपकिरी झालेलं, पिन ढिली. नवीन कनेक्टर आणि अर्थची वायर, सगळं मिळून तीनशे ऐंशी रुपये. त्यानंतर त्याच चढाला काटा 46 च्या खाली उतरला नाही. पंप अजून जुनाच आहे.

नंतर खानापूरच्या मामांच्या गाडीला लावलं, सकाळी पाच-सहा सेल्फ मारल्याशिवाय चालू व्हायची नाही. गाडी बंद केल्यावर दहा मिनिटांत काटा 45 वरून 8 वर. इंजेक्टर गळत नव्हते, पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागं परत जाऊ न देणारा) गेलेला, तिथं मात्र पंप बदलावाच लागला. तोवर मामा चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून प्रेशर भरून घ्यायचे, मग एका सेल्फमध्ये चालू.

कॉमन रेलवाल्या डिझेल गाडीला हे लावायचा विचार पण करू नका, तिथं हजार बारच्या वर प्रेशर असतं, जिवावर बेतेल.

तक्रार एकच, होज. पाचव्या महिन्यात तो फुगून मऊ पडला, आताच्या 20 टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला ते रबर टिकत नाही. इथेनॉल चालणारा फ्युएल होज मीटरच्या मापानं विकत आणून क्लॅम्पनं बसवला, तेव्हापासून ठीक आहे. घेणार असाल तर होज पहिल्याच दिवशी बदला.