खिशातलं मराठी बायबल: एस्तेर वाचायला कसं?
छपाई बारीक, कागद पातळ. हायलायटर मागच्या पानावर उमटतो, तेव्हा पेन्सिलच बरी. एस्तेर या जुन्या करारातल्या पुस्तकाचे १० अध्याय तासाभरात होतात. मूळ हिब्रूत देवाचं नाव एकदाही नाही. तो कुठे काम करतोय हे शोधतच वाचावं लागतं. पहिली खूण ६:१ ला (सहावा अध्याय, पहिलं वचन) करा. राजाला झोप लागत नाही, बखर वाचली जाते आणि राजाचा जीव वाचवणाऱ्या मर्दखय या यहुद्याचं राहून गेलेलं बक्षीस आठवतं. नेमका तेव्हाच राजाचा प्रधान हामान अंगणात हजर, त्याच मर्दखयाला फाशी द्यायची परवानगी मागायला! मग मागे ३:७ ला या: यहुद्यांच्या कत्तलीचा दिवस ठरवायला चिठ्ठ्या पहिल्या महिन्यात टाकल्या, निघाला बारावा. मधल्या काळात सगळा डाव उलटतो. तळटिपा नाहीत, ही मात्र मोठी उणीव. वयस्कर डोळ्यांना ही प्रत देऊ नका.