ऑटोमॅटिक फीडर: दोन महिने, दोन मांजरं आणि साडेतीन स्टार

रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी साडेतीन. मशीन वाईट नाहीये, पण ज्याने डिझाईन केलंय त्याच्या घरी मांजर नसणार एवढं मी लिहून द्यायला तयार आहे.

घरात दोन मांजरं आहेत. मनी पाच वर्षांची भाटी, आणि बंड्या तिच्यापेक्षा लहान बोका, अंगाने दुप्पट पण डोक्याने साधा (असं मला वाटायचं, त्यावर पुढे येते). फीडर घेतला तो मनीमुळे. पहाटे साडेचारला ही बया उशाशी येऊन बसणार, आधी नुसतं बघणार, मग गालावर पंजा तोही नखं आत ठेवून, आणि तरी नाही उठलं की टेबलावरची एकेक वस्तू ढकलायला सुरुवात. त्यात चष्म्याचा नंबर शेवटचा, कारण पेन पडलं तर मी कूस बदलते पण चष्म्याला हात लागला की ताडकन उठते हे तिने कधीच हेरलेलं. शिवाय ते घुरघुरणं. लाडात आल्यावरचं वेगळं आणि खायला मागतानाचं वेगळं, हा माझा भ्रम नाहीये बरं का, २००९ मध्ये कॅरेन मॅकोम्ब या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी हे आवाज रेकॉर्ड करून तपासलेत. खाणं मागतानाच्या घुरघुरीत रडण्यासारखा एक उंच बारीक सूर मिसळलेला असतो आणि ज्यांनी कधी मांजर पाळलेलं नाही त्यांनाही तो आवाज जास्त निकडीचा वाटतो. आता सांगा, झोप कशी लागणार.

तर मशीन. वर झाकणाचा डबा, खाली मोटरवर फिरणारी खणांची चकती, चकती फिरली की एका खणातले दाणे घसरगुंडीवरून वाटीत. ॲपवर वेळा लावायच्या, प्रत्येक वेळेला किती खण ते टाकायचं, झालं. बॅटरी बॅकअप आहे, वायफाय गेलं तरी लावलेल्या वेळा मशीनमध्येच सेव्ह असतात त्यामुळे काम थांबत नाही, याचे पूर्ण मार्क. आणि ज्यासाठी घेतला ते काम पहिल्याच आठवड्यात झालं, पहाटेचं उठवणं बंद! तक्रार कुठे करायची ते मनीने बदललं एवढंच, आता ती साडेचारला मशीनसमोर जाऊन बसते. मशीनला ना गाल ना चष्मा, त्यामुळे नुसती बसते बिचारी पाच वाजेपर्यंत.

पण तिसऱ्या दिवशीच दुपारी किचनमधून खडखड आवाज. जाऊन बघते तर बाईसाहेबांचा पंजा कोपरापर्यंत घसरगुंडीत, आतून चकतीच्या कडेला नख लावून हलवतेय आणि दोन-तीन दाणे टपटप खाली. खाली वाटीशी कोण? बंड्या. शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं फावलं ही म्हण मी पहिल्यांदाच लाईव्ह बघितली, मेहनत हिची आणि दाणे त्याच्या पोटात. दोन दिवसांनी बंड्याने आपल्या वजनाचा वापर करून अख्खं मशीनच आडवं केलं, झाकण उडालं, त्यानंतर मी ते भिंतीला टेकवून डबल टेपने चिकटवलंय.

आता मी सगळ्यांना फोन करून सांगत सुटले की मनीला मशीन कळतं वगैरे. तर तसं नाहीये. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये मांजरांना फळ्यांच्या पेट्यांत ठेवून बघितलं होतं, आतली दोरी ओढली किंवा दांडी दाबली की दार उघडायचं आणि बाहेर खाणं. मांजर आधी वाट्टेल ते करायचं, ओरबाड, चाव, धडक दे, त्यात कधीतरी दोरी ओढली जायची, पुढच्या वेळी थोडं लवकर, त्याच्या पुढे अजून लवकर. त्याचं म्हणणं असं की यंत्राची अक्कल येत नाही, जी हालचाल फळली ती पक्की होते. २००९ मध्ये १५ मांजरांना दोऱ्या देऊन बघितलं त्यातही हेच, एका दोरीला बांधलेलं खाणं ती शिकून ओढायची पण दोन दोऱ्या शेजारी ठेवल्या किंवा एकमेकींवरून नेल्या की गोंधळ, खाणं कुठल्या दोरीला आहे ते उमगायचं नाही.

मला हे पटायला मशीनच कारणीभूत. टेप लावताना मी ते फिरवून ठेवलं, घसरगुंडीचं तोंड दुसऱ्या बाजूला गेलं, आणि मनी दोन दिवस मशीनच्या सपाट बाजूला, जिथे आधी भोक होतं बरोब्बर तिथे, पंजा घासत होती. तोंड समोर दिसत असताना! तिसऱ्या दिवशी परत पंजा आत. म्हणजे इंजिनिअर नाही, पण चिकाटी अशी की इंजिनिअरने घाम पुसावा.

आवाज रेकॉर्ड करायचं फीचर आहे, खाणं पडताना तुमचा आवाज वाजतो. मी हौसेने "मनी, ये ये" भरलं. पहिल्यांदा वाजलं तेव्हा मी हॉलमध्ये तिच्या समोर बसलेली आणि माझा आवाज किचनमधून. तिने माझ्याकडे बघितलं, किचनकडे बघितलं, परत माझ्याकडे. २०२१ मध्ये जपानमधल्या क्योटोच्या संशोधक साहो ताकागी यांच्या टीमने असाच खेळ केला होता, मालकाचा आवाज आधी एका स्पीकरवरून आणि लगेच दुसऱ्या जागच्या स्पीकरवरून, तर मांजरं दचकली, म्हणजे दिसत नसलेला माणूस कुठे असेल याचा हिशोब त्यांच्या डोक्यात चालू असतो. आमच्याकडे हा हिशोब आठवडाभरात मिटला. मोटर सुरू होताना आवाजाच्या आधी एक टिक्‌ येतो, दोघं त्या टिक्‌लाच धावतात, माझी हाक वाजेपर्यंत वाटी अर्धी. फीचर बंद करून टाकलंय, तुम्हीही करा, नाहीतर खरोखर हाक मारली की बघतसुद्धा नाहीत.

मशीनसोबत कोड्याचा बॉल फ्री आला, लोळवला की भोकातून दाणे पडतात. उंदीर वगैरे प्राणी फुकट मिळत असूनही कष्टाचं खाणं निवडताना दिसलेत, मांजरांचं तसं नाही, २०२१ च्या एका अभ्यासात १७ मांजरांसमोर दोन्ही ठेवलं तर त्यांचा कल सरळ ताटाकडे. मनीने बॉल हुंगला आणि निघून गेली. बंड्या मात्र, आमचा साधा बंड्या, वाटी भरलेली असताना अर्धा तास बॉल लोळवत बसतो. काय समजायचं ते समजा.

मोठी उणीव म्हणजे कोणी किती खाल्लं ते कळत नाही. ॲप सांगतं इतके खण पडले, पण दोन मांजरं असली की एक फुगतं आणि एक उपाशी, आमच्या बंड्याचं पोट सांगतंच आहे. एकाहून जास्त मांजरं असतील तर मांजराच्या कातडीखाली किंवा पट्ट्यात बसवलेली चिप ओळखून त्याच्यापुरतंच झाकण उघडणारा प्रकार मिळतो तो बघा. दुकानात घसरगुंडीत स्वतःचा हात घालून बघा, तुमची बोटं चकतीला लागली तर मांजराचा पंजा लागणारच. आणि फक्त याच्या भरवशावर गावाला जाऊ नका प्लीज, मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं, त्यात जाड्यांना धोका जास्त.

हे का सांगतेय, तर गेल्या आठवड्यात मनी बऱ्याच दिवसांनी पहाटे उशाशी आली. सव्वापाचला, साडेचारला नाही. गालावर पंजा, मी उठले तर ती दारापर्यंत गेली, मागे वळून बघितलं, परत आली, परत दारापर्यंत. मला वाटलं जुनी सवय, पांघरूण डोक्यावर घेतलं. चष्मा पडला तेव्हा उठले. किचनमध्ये वाटी कोरडी, नवीन पाकिटातले दाणे जरा मोठे होते ते चकतीत अडकलेले, आणि बंड्या रिकाम्या बॉलशी खेळतोय. ॲपवर मात्र पाच वाजताच्या पुढे हिरवी टिक, 'खाणं दिलं'.